जाहिराती कापू नका म्हणलं आणि खरंच नाही कापल्या : सांगलीतलं कॅसेट डिजिटल करून देणारं दुकान

सांगलीत गावभागात व्हिडिओ कॅसेट डिजिटल करून देणारं एक छोटं दुकान आहे. बाहेर बोर्ड अजून फोटो स्टुडिओचाच आहे त्यामुळे पटकन सापडत नाही, पण घरात व्हीएचएस (म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेट) पडून असतील तर बिनधास्त इथं द्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढं सांगते.

लोक इथं लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या कॅसेट घेऊन येतात, माझ्या मात्र टीव्हीवरनं रेकॉर्ड केलेल्या होत्या. आमच्या आण्णांना नाद होता. दूरदर्शनवरचं महाभारत, सुरभी, पुढं केबल आल्यावर अल्फा मराठी चॅनल, जे आवडेल ते रेकॉर्ड करून ठेवायचे, आणि कॅसेटचा टॅब (तो मोडला की वरून परत रेकॉर्ड होत नाही) मोडलेला असला की त्या भोकावर सेलोटेप चिकटवून परत त्याच्यावरच. कुठल्या कॅसेटवर काय आहे ते लेबलवर निळ्या पेनानं, खोडून खोडून लिहिलेलं.

आता कुणीही म्हणेल की महाभारत तर नेटवर सगळं आहे, 94 च्या 94 भाग आणि प्रिंटपण ह्याच्यापेक्षा कितीतरी चांगली, मग कॅसेटवर पैसे कशाला घालवायचे. मालिका मिळते हो. पण मालिकेच्या आधी आणि मधी जे लागायचं ते कुठं मिळतं? साडी नेसून शेजारी फुलदाणी ठेवून बसलेली निवेदिका, बातम्यांच्या आधीचं टिकटिक करणारं घड्याळ, मधीच येणारी ती ‘व्यत्यय’ची पाटी, प्रायोजकांची नावं, येत्या आठवड्यातल्या कार्यक्रमांची झलक. विकत मिळणाऱ्या डीव्हीडीत हे सगळं काढून टाकलेलं असतं, आणि दाखवणाऱ्यांनी तरी ते जपून ठेवायचं कशाला, त्यांच्या दृष्टीनं ते त्या दिवसापुरतंच होतं. ते राहिलं असलं तर तुमच्या आमच्या माळ्यावरच्या कॅसेटमधेच राहिलंय.

ह्याच्या आधी मी एक कॅसेट कुरिअरनं बाहेरगावच्या एका सर्व्हिसला पाठवलेली, नाव घेत नाही. त्यांनी फाइल दिली ती एकदम चकाचक, पण मधल्या जाहिराती आणि घोषणा सगळ्या उडवलेल्या, वर मला सांगतात की मॅडम आम्ही क्लीन करून दिलंय, एक्स्ट्रा चार्ज नाही. कॅसेट परत आली म्हणून बरं, नाहीतर कायमचं गेलं असतं.

इथल्या दुकानवाल्या मामांचं वेगळं आहे. त्यांची पूर्वी व्हिडिओ लायब्ररी होती, रात्रीपुरता व्हीसीआर आणि तीन पिक्चरच्या कॅसेट भाड्यानं द्यायचे, त्यामुळे टेप म्हणजे काय हे त्यांना हातानं कळतं. कॅसेट घेतली, पुढची झडप उचलून टेप उजेडात धरली आणि म्हणाले, “ताई, कडंला पांढरं दिसतंय बघा, बुरशी हाय. हे असंच मशीनला लावलं तर टेप वाचणारं हेड बी जाईल आणि तुमची टेप बी जाईल.” मग आधी साफ करणार, मग लावणार. मी म्हणलं मामा, एक विनंती आहे, जाहिराती कापू नका, पहिल्या सेकंदापासनं शेवटच्या मुंग्या येईपर्यंत सगळं तसंच पाहिजे. तर म्हणतात, “कापायचं कशाला? खरी गंमत तर तीच हाय की.” मला तिथंच पटलं.

आणि काय काय निघालं म्हणून सांगू! महाभारताच्या एका भागानंतर टेप संपवायची म्हणून आण्णांनी दुसरंच काहीतरी रेकॉर्ड केलेलं, तो निघाला साप्ताहिकीचा शेवटचा तुकडा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुंबई दूरदर्शनवर पुढच्या आठवड्यात काय काय लागणार ते सांगणारा कार्यक्रम म्हणजे साप्ताहिकी, आणि कार्यक्रमांची जाहिरात हाच एक अख्खा कार्यक्रम होता आणि लोक तो मन लावून बघायचे, कारण शनिवारी कुठला मराठी पिक्चर आणि रविवारी कुठला हिंदी हे त्यातनं कळायचं आणि त्यावर कुणाच्या घरी जायचं, स्वयंपाक कधी उरकायचा हे ठरायचं. आता ट्रेलरचा टीझर येतो आणि टीझरची पण तारीख सांगतात. तेव्हा एक बाई शांतपणे कागदावरनं वाचून दाखवायची, पिक्चरचा एक छोटा तुकडा दाखवायचे, आणि तेवढ्यावर आमची गल्ली आठवडाभर वाट बघायची.

प्रायोजकांचं पण तेच. हम लोग 1984 ला आली तेव्हा मॅगी नवीन होती आणि त्या मालिकेबरोबरच ती घराघरांत पोचली. ये जो है जिंदगीच्या मागं विको होतं. सुरभीला अमूल, आणि सुरभीच्या प्रश्नाची उत्तरं पाठवायला लोकांनी 15 पैशांच्या साध्या पोस्टकार्डांचा एवढा पाऊस पाडला की टपाल खात्याला स्पर्धेसाठी 2 रुपयांचं वेगळं पोस्टकार्ड काढावं लागलं! आमच्या टेपवर सुरभीचा जो भाग आहे त्यात रेणुका शहाणे आणि सिद्धार्थ काक पत्रांच्या ढिगापुढं बसलेत, ते बघून आई लगेच म्हणाली, ह्यात आपलं पण एक असंल.

पण मला सगळ्यात मोठी लॉटरी लागली ती वादळवाटच्या कॅसेटमधे, 2003 नंतरची. कोपऱ्यात अल्फा मराठीचा लोगो (2005 ला त्याचं झी मराठी झालं) आणि खाली आपल्या सांगलीच्या केबलवाल्यानं सोडलेली पट्टी. मालिका चाललीय, वर डोळ्यात पाणी आणि खाली सरकत जातंय की साड्यांचा महासेल, दहावीच्या क्लासचे प्रवेश सुरू, विश्रामबागला टू बीएचके, भावे नाट्यमंदिरात रात्री साडेनऊला नाटक, तिकीटविक्री सुरू. तेव्हा त्या पट्टीचा किती राग यायचा, अर्धा चेहरा झाकायची. आता मी मालिका सोडून तेवढी पट्टीच परत परत पॉज करून वाचली. त्यातली निम्मी दुकानं आता नाहीत, काही 2019 च्या पुरानंतर परत उघडलीच नाहीत. ही पट्टी कुठल्याच चॅनलकडं मिळणार नाही, कारण ती फक्त आपल्याच गावात दिसायची.

कामाबद्दल सांगायचं तर रंग बरे आलेत, कडंला थोडे फुटलेत पण ते टेपचंच आहे, आवाज स्वच्छ. खालची सरकती पट्टी वाचता येते म्हणजे कॅप्चर नीट झालंय, कारण काही ठिकाणी घाईत करतात आणि हलणाऱ्या अक्षरांना कंगव्यासारखे दात येतात. आणि घाई करता येतच नाही हे लक्षात घ्या, तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, ती चालवूनच घ्यावी लागते. व्हीसीआर बनवणारी जपानची शेवटची कंपनी फुनाई, तिनं पण 2016 ला उत्पादन बंद केलं, त्यामुळे मामांकडं जी जुनी मशीन आहेत त्यांचेच पार्ट एकमेकांना लावून चाललंय. म्हणून रेट थोडा जास्त वाटला तरी मला तो पटला.

अर्धा स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. सांगितलेल्या दिवशी काम कधीच होत नाही, फोन केल्यावर ‘उद्या’ हे ठरलेलं उत्तर. आणि सगळ्या फाइलना नुसते नंबर देतात, कुठल्या कॅसेटची कुठली फाइल ते आपण उघडून बघायचं. लेबलवरचं नाव फाइलला दिलं असतं तर फार बरं झालं असतं. मामा, हे वाचत असाल तर तेवढं मनावर घ्या.

देताना एवढं करा. जाहिराती आणि मधल्या घोषणा ठेवा असं कॅसेटवर चिठ्ठी चिकटवूनच सांगा, कारण काउंटरला कधी कधी मुलगा असतो आणि त्याला लग्नाच्या कॅसेटची सवय आहे, मोकळे भाग तो कापून टाकेल. पुराच्या पाण्यात भिजलेली कॅसेट असली तर उन्हात वाळवू नका आणि घरी लावून तर अजिबात बघू नका, आहे तशी घेऊन जा. पेन ड्राइव्ह स्वतःचा न्या, 64 जीबीचा तरी. आणि दुपारी एक ते चार दुकान बंद असतं.