डायबिटीसचं औषध ऑटिझम किंवा फ्रॅजाइल एक्ससाठी द्यायचं का: मेटफॉर्मिन, पायोग्लिटाझोन, इंजेक्शन आणि नाकातलं इन्सुलिन

सरळ मुद्द्यावर येते. "ऑटिझमवर डायबिटीसची गोळी चालते म्हणे" असं कुठेतरी वाचून जे आईवडील मुलाच्या डॉक्टरांना विचारायच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. प्रश्न चुकीचा नाही, अर्धवट आहे. डायबिटीसची औषधं वेगवेगळ्या जातीची, इकडे ऑटिझम, फ्रॅजाइल एक्स, प्रेडर-विली (हे दोन जीनमधल्या बिघाडामुळे जन्मापासून असणारे आजार, ज्यांत ऑटिझमसारखी लक्षणंही दिसू शकतात) हेही सगळे वेगळे, त्यामुळे प्रत्येक जोडीचं उत्तर वेगळं येतं आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की गोंधळ होतो. आणि एक आधीच सांगून टाकते, यातलं कुठलंही औषध ऑटिझम "बरा" करत नाही. कुणी तसं छातीठोकपणे सांगत असेल तर तिथून उठा.

सगळ्यात जास्त चर्चा मेटफॉर्मिनची. हे औषध १९५७ पासून फ्रान्समध्ये माणसांना दिलं जातंय, अमेरिकेत १९९४ ला मंजुरी मिळाली, टाइप २ डायबिटीससाठी १० वर्षांपासूनच्या मुलांनाही अधिकृतपणे देता येतं. इतक्या वर्षांत त्याच्या सगळ्या खोड्या उघड झाल्यात आणि माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे. फक्त लोक मेटफॉर्मिनकडे दोन अगदी वेगळ्या कारणांसाठी बघतात.

पहिलं कारण वजन. ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी, आदळआपटीसाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, रिस्पेरिडोन २००६ मध्ये आणि अरिपिप्राझोल २००९ मध्ये मंजूर केलं, आणि ज्या घरात ही औषधं चालू आहेत तिथे काय होतं ते सांगायला नको. मूल जरा शांत होतं पण भूक अशी सुटते की काही महिन्यांत कपडे बसेनासे होतात. २०१६ मध्ये ६ ते १७ वयाच्या, अशा औषधांनी वजन वाढलेल्या ६१ ऑटिस्टिक मुलांवर नीट प्लासिबो ठेवून (म्हणजे काहींना औषध, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोष्ट देऊन) ट्रायल झाली, १६ आठवड्यांची. मेटफॉर्मिनवाल्या मुलांचा वयाप्रमाणे काढलेला बीएमआय स्कोअर (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा) थोडा खाली आला, प्लासिबोवाल्यांचा जवळपास तिथेच राहिला, दोघांतला फरक ०.१० चा. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण वजन चढतच चाललेल्या मुलाचं वजन थांबणं आणि थोडं उतरणं हे कमी नाही. या सगळ्या विषयात मला सगळ्यात भक्कम वाटणारा पुरावा हाच. पण हे लक्षात घ्या की इथे मेटफॉर्मिन वजनासाठी दिलंय, बोलणं किंवा वागणं सुधारावं म्हणून नाही.

दुसरं कारण फ्रॅजाइल एक्स, आणि खरी गंमत इथे आहे. फ्रॅजाइल एक्समध्ये एफएमआर१ नावाच्या जीनमधला एक तुकडा २०० पेक्षा जास्त वेळा रिपीट होतो, जीन बंद पडतं, आणि त्यातून बनणारं प्रोटीन मिळत नाही. या प्रोटीनचं काम म्हणजे मेंदूच्या पेशींमध्ये बाकीची प्रोटीनं किती बनायची यावर ब्रेक ठेवणं. ब्रेक गेला की एमटॉर आणि ईआरके हे सिग्नल जोरात चालतात, आणि इन्सुलिनही याच रस्त्यांवरून काम करतं. म्हणजे डायबिटीसचं औषध इथे कुणीतरी अंदाजाने फेकलेला दगड नाहीये, त्यामागे विचार आहे. २०१७ मध्ये मॅकगिल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी फ्रॅजाइल एक्सच्या उंदरांना १० दिवस मेटफॉर्मिन दिलं, तर मोठ्या झालेल्या उंदरांमध्येसुद्धा सामाजिक वागणं सुधारलं आणि तेच तेच करत राहणं कमी झालं. त्याच सुमाराला फळमाश्यांवरच्या अभ्यासातही इन्सुलिनचाच धागा सापडला.

मग माणसांचं काय? २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माइंड इन्स्टिट्यूटच्या डॉक्टरांनी ७ पेशंटचा अनुभव लिहिला, चिडचिड कमी, बोलण्यात थोडी भर वगैरे. २०२१ मध्ये क्युबेकमध्ये १५ जणांना ९ आठवडे दिलं, वागण्याच्या स्कोअरमध्ये सुधारणा दिसली. पण या दोन्हींत प्लासिबो नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं की औषध चालू आहे, आणि आईबापांनी भरलेल्या फॉर्मवर आशेचा परिणाम केवढा होतो हे या क्षेत्रात वारंवार दिसलंय. फ्रॅजाइल एक्समध्येच मावोग्लुरंट नावाचं औषध उंदरांमध्ये झकास चाललं होतं, मग प्लासिबोसमोर उभं केलं तर फरक दिसेना आणि २०१४ मध्ये नोव्हार्टिसने त्यावरचं फ्रॅजाइल एक्सचं काम थांबवलं. म्हणून उंदरांच्या बातमीवर उड्या मारू नका एवढंच म्हणणं आहे.

ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्येही, म्हणजे अंगात ठिकठिकाणी गाठी होणाऱ्या आणखी एका जेनेटिक आजारात, एमटॉरच बेलगाम असतो, तिथे मेटफॉर्मिनची प्लासिबो-ट्रायल २०२१ मध्ये आली. मुख्य मोजमाप किडनीतल्या गाठींचं होतं, त्यात फरक नाही, पण मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठी लहान झाल्या आणि फिट्स कमी झाल्या. आशादायक आहे, पण मुख्य प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तेव्हा बाकीच्या गोष्टी पुन्हा तपासाव्याच लागतात.

आता पायोग्लिटाझोन. इन्सुलिनला शरीराने नीट प्रतिसाद द्यावा म्हणून हे देतात, शिवाय ते सूज आणणाऱ्या प्रक्रिया दाबतं, आणि ऑटिझममध्ये मेंदूतल्या इम्यून पेशी जास्त सक्रिय असतात या कल्पनेवर ते वापरून बघितलं गेलं. २००७ मध्ये २५ मुलांवर, २०१८ मध्ये पुन्हा ५ ते १२ वयाच्या २५ मुलांवर, दोन्ही छोटे, दुसरा तर मुख्यतः डोस ठरवण्यासाठीचा. चिडचिड, अति चळवळ कमी झाल्याचं त्यात आलंय. पण माझं मत यावर तसं कडकच आहे. मोठ्या माणसांत हे औषध अंगात पाणी धरतं, हार्ट फेल्युअरचा ठळक इशारा पाकिटातल्या माहितीत आहे, हाडं मोडायचा धोका वाढतो, ब्लॅडर कॅन्सरच्या शंकेमुळे फ्रान्सने २०११ मध्ये ते बंदच केलं, आणि अमेरिकेतल्या लेबलवर याच कारणांमुळे मुलांसाठी शिफारस नाही. त्यात वजनही वाढवतं! म्हणजे रिस्पेरिडोनवर असलेल्या मुलाला हे म्हणजे आगीत तेल. ट्रायलच्या बाहेर मी याचं नाव काढणार नाही.

मग ती इंजेक्शनं, जीएलपी-१ वाली, म्हणजे जेवल्यावर आतड्यातून सुटणाऱ्या त्या नावाच्या हार्मोनची नक्कल करणारी. यातलं पहिलं, एक्सेनाटाइड, २००५ मध्ये आलं, आणि ते गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतल्या रेणूवरून बनवलेलं आहे, हे खरं आहे, मी बनवून सांगत नाहीये. आता लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइडची हवा आहे, दोन्ही अमेरिकेत १२ वर्षांपासूनच्या लठ्ठ मुलांसाठी मंजूर आहेत, आधीचं २०२० ला, नंतरचं २०२२ ला. साहजिकच प्रेडर-विलीवाल्या पालकांचे डोळे लकाकले, कारण तिथे भूक कधी शमतच नाही, फ्रीजला कुलूप लावावं लागतं. पण मुलांवर लिराग्लुटाइडची प्लासिबो-ट्रायल झाली तेव्हा वजनात म्हणावा असा फरक आला नाही. आणि एक भीती वेगळीच आहे. ही इंजेक्शनं पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात, प्रेडर-विलीच्या मुलांना उलटी सहसा होत नाही, दुखणं कमी जाणवतं आणि खूप खाल्ल्यावर जठर फाटल्याच्या घटना झालेल्या आहेत. त्यामुळे इथे फार जपून. यातली गंमत बघा, प्रेडर-विलीतल्या या भुकेसाठी एफडीएने मार्च २०२५ मध्ये पहिलं औषध मंजूर केलं ते डायझोक्साइड कोलीन, आणि ते रक्तातली साखर वाढवतं, म्हणजे डायबिटीसच्या औषधाच्या बरोबर उलटं.

नाकातून इन्सुलिन हा प्रकार ऐकायला विचित्र वाटतो पण तर्क साधा आहे, नाकातल्या नसांच्या वाटेने ते थेट मेंदूकडे जातं आणि रक्तातली साखर फारशी हलत नाही. फेलन-मॅकडर्मिड या आणखी एका जेनेटिक आजारात, म्हणजे शँक३ जीन गेलेल्या मुलांमध्ये, २००९ ला ६ मुलांवर चांगलं वाटलं, २०१६ ला नेदरलँड्समध्ये २५ मुलांवर नीट रँडमाइज करून, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं गट पाडून, बघितलं तर एकूण फरक ठोस आला नाही, ३ वर्षांपुढच्या मुलांमध्ये थोडा दिसला. फेलन-मॅकडर्मिड नसेल तर याचा विचारच नको.

तर मी तुमच्या जागी असते तर? मूल रिस्पेरिडोनवर आणि वजन वाढतंय, तर मेटफॉर्मिनबद्दल डॉक्टरांशी नक्की बोलले असते, आणि त्याआधी रिस्पेरिडोनचा डोस अजून तेवढाच लागतो का हेही विचारलं असतं. फ्रॅजाइल एक्स टेस्टने पक्कं झालंय, तर मेटफॉर्मिन एक मर्यादित प्रयोग म्हणून, ट्रायल मिळाली तर सगळ्यात उत्तम. नुसता ऑटिझम आहे, कारण माहीत नाही, वजन ठीक आहे, मग बोलणं वाढावं म्हणून मेटफॉर्मिन द्यायचा आधार आज माझ्या मते नाही. त्याऐवजी जेनेटिक टेस्ट राहिली असेल तर ती आधी करून घ्या, कारण वर बघितलंत तसं सगळं त्या उत्तरावरच फिरतं.

द्यायचं ठरलंच तर थोडं प्रॅक्टिकल. मेटफॉर्मिन कडू असतं आणि तोंडात जरा वेगळं काही लागलं की थुंकणाऱ्या मुलांबरोबर हा खरा प्रश्न आहे. सावकाश विरघळणारी गोळी कुटून जेवणात मिसळायची नसते, त्यापेक्षा पातळ औषध मागा. सुरुवातीला जुलाब, मळमळ होते, म्हणून जेवणासोबत आणि अगदी कमी डोसपासून. नुकतंच टॉयलेट शिकलेलं मूल यात दोन पावलं मागे जाऊ शकतं, तेव्हा त्याला ओरडू नका. न बोलणारं मूल "पोटात ढवळतंय" म्हणणार नाही, ते चावेल किंवा डोकं आपटेल, आणि मग वाटेल की औषधाने वागणं बिघडलं. म्हणून सुरू करायच्या आधीच दोन-तीन गोष्टी ठरवून लिहून ठेवा, झोप, वजन, दिवसातल्या आदळआपटीच्या वेळा, आणि शक्य असेल तर घरातल्या दोघांनी वेगवेगळं लिहा, एकमेकांचं न बघता. किती दिवसांनी फरक नसेल तर थांबवायचं ती तारीखही तेव्हाच ठरवा. किडनीची टेस्ट आधी, व्हिटॅमिन बी१२ ची अधूनमधून. आणि मूल उलट्या-जुलाबाने आजारी पडून पोटात पाणीही टिकत नसेल तर गोळी तात्पुरती बंद ठेवायची का, हे डॉक्टरांकडून आधीच विचारून मुलाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाकडे लिहून द्या, कारण लॅक्टिक ॲसिडोसिस (रक्तात लॅक्टिक ॲसिड धोकादायक प्रमाणात साचणं) दुर्मीळ असला तरी होतो तो बहुतेक अशाच वेळी, शरीरातलं पाणी कमी होऊन किडनीवर ताण आला की.