घडीचा चाकू: कलमाच्या हंगामात कोणतं लॉक टिकतं?

दिंडोरी, निफाडकडच्या द्राक्षबागांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाचर कलमं भरतात, तेव्हा घडीच्या चाकूचं लॉक खरं कसाला लागतं. डॉगरिज जातीचा खुंट (ज्यावर कलम बसवतात ते मुळाकडचं झाड) आडवा कापायचा, मधोमध तीन-चार सेंटिमीटरची उभी चीर द्यायची आणि पातं बाहेर काढायचं. चीर देताना जोर धारेवर असतो, त्याने चाकू मिटत नाही. अडकलेलं पातं हलवून, पिळून उपसताना जोर पात्याच्या पाठीवर जातो. लॉक सुटलं की पातं थेट बोटांवर येतं. लॉक पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्यापासून जेमतेम ८ मिलिमीटरवर धरतं आणि टोक ८० मिलिमीटरवर असतं, म्हणजे टोकाकडचा पाच किलोचा दाब लॉकवर पन्नास किलोचा होतो.

बहुतेक कलमचाकू नुसत्या स्प्रिंगचे असतात, त्यांना लॉक नसतंच. खुंटावर बसवायच्या काडीला पाचर तासायला ते उत्तम, पण चीर द्यायला वापरू नयेत.

लायनर लॉकमध्ये मुठीतली पत्री आडवी सरकून पात्याच्या बुडामागे बसते. व्हिक्टोरिनॉक्सच्या १११ मिलिमीटरच्या बऱ्याच मॉडेलांत हेच आहे. एका हाताने उघडतं, त्यामुळे पॅकहाउसमध्ये खोकी कापायला सोयीचं. पण पिळाला हे लॉक कच्चं: मूठ जराशी पिळवटली तरी पत्री घसरू शकते. पत्री एक मिलिमीटरहून पातळ असेल तर चाकू परत ठेवा. उघडल्यावर ती बुडाच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत आलेली दिसावी. नुसती कडेला टेकली असेल तर सुटेल, पार पलीकडे पोचली असेल तर झिजलेली आहे. मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो, हेही ध्यानात असू द्या.

मुठीच्या पाठीवरच्या पट्टीचं लॉक, म्हणजे लॉकबॅक, पिळाला जास्त दाद देत नाही, कारण पट्टीचा आकडा पात्याच्या खाचेत बसतो. त्याचा शत्रू म्हणजे कचरा. द्राक्षाचा रस, धूळ आणि गंधकाची भुकटी खाचेत वाळून घट्ट होते. मग ‘खट्’ आवाज येतो, पण आकडा अर्धाच बसलेला असतो. मुठीच्या पाठीवरून नख फिरवा: पट्टी नखाला लागेल एवढी जरी वर राहिली तरी चाकू वापरू नका. कोमट पाणी, साबण आणि काडीने खाच कोरा, वाळवा आणि तेलाचा थेंब फक्त खिळ्यावर सोडा. लायनर लॉकच्या टेकणाऱ्या कडेला तर तेल लावूच नका, पत्री घसरते.

बागेसाठी आमची पसंती कड्याच्या लॉकला. ओपिनेल कंपनीचा क्रमांक ८ घ्या: साडेआठ सेंटिमीटरचं पातं, बीचच्या लाकडाची मूठ आणि १९५५ सालापासून तेच फिरतं कडं. यात स्प्रिंग नाही, पत्री नाही. कडं फिरवलं की पात्याची मिटण्याची वाटच बंद होते. कडं सैल पडलं तर पकडीने अलगद आवळता येतं. खोट दोन ठिकाणी आहे. कडं हाताने फिरवावं लागतं, घाईत ते राहून जातं. आणि पावसात लाकूड फुगून पातं आत अडकतं. मग मूठ सावलीतच वाळवा, उन्हात तडकते. कोरडी झाल्यावर जवसाचं तेल चोळा. पातं स्टेनलेसचंच घ्या, कार्बन स्टीलला फवारणीच्या बोर्डो मिश्रणातलं मोरचूद खातं.

दुकानात तपासताना बोटं पात्याच्या वाटेतून काढून मूठ दोन्ही बाजूंनी धरा, पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या कडेवर टेकवा आणि दाब हळूहळू वाढवा. मग पातं डावी-उजवीकडे हलवून तोच दाब पुन्हा द्या. पाठ जोरात आपटू नका, त्याने चांगलं लॉकही बिघडतं.

खुंट अंगठ्याहून जाड असेल तर घडीचा चाकू खिशातच ठेवा. तिथे एकसंध पात्याचा चाकू आणि लाकडी ठोकणी लागते.