दहा महिने वापरून झाल्यावर: घरच्या रियाजाचा बास सेटअप आणि गिगचा बास सेटअप

गेल्या मे महिन्यात मी सेकंडहँड बास गिटारचा अ‍ॅम्प घेतला, शंभर वॉटचा कॉम्बो (सगळं एकाच पेटीत), पंधरा इंची स्पीकर, वजन पंचवीस किलोच्या वर. तेव्हा डोक्यातलं गणित असं होतं की मोठाच घेऊन टाकू, घरी हळू वाजवू आणि कार्यक्रमाला नेऊन मोठ्याने वाजवू, एका वस्तूत दोन्ही कामं. आता मार्च संपत आलाय आणि या दहा महिन्यांत तो अ‍ॅम्प घराबाहेर फक्त दोनदा गेला. दोन्ही वेळा टेम्पोचं भाडं, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरून उतरवणं, परत रात्री एक वाजता चढवणं, आणि दोन्ही वेळा साउंडवाल्याने डीआयमधून, म्हणजे बास थेट मिक्सरला जोडणाऱ्या डब्यातून, लाइन घेतली आणि वर सांगितलं की दादा अ‍ॅम्प जरा कमी ठेव, स्टेजवर घुमतोय. म्हणून हे लिहायला बसलोय. बास घ्यायचा विचार करणाऱ्या बहुतेक जणांचा पहिला प्रश्न 'किती वॉटचा अ‍ॅम्प घेऊ' हाच असतो, आणि मुंबईत राहून वाजवणाऱ्याने तो प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा असं माझं आता ठाम मत झालंय.

माझं सांगतो म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. मुलुंडला जुन्या बिल्डिंगमध्ये वन रूम किचन, दिवसा नोकरी, रात्री साडेनऊनंतर रियाज. महिन्याला दोन-तीन कार्यक्रम, मराठी-हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, गणपती-नवरात्रात जास्त, आणि अधूनमधून मित्रांच्या बँडबरोबर खार-अंधेरीकडे. बास चार तारांचा, जॅझ बासच्या पद्धतीचा, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारे), पॅसिव्ह, म्हणजे आत सेल नसलेला.

आधी घरचं. अ‍ॅम्प आणला त्याच आठवड्यात खालच्या काकू वर आल्या. रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "अरे, तुझं वाजवणं काही ऐकू येत नाही मला, पण मांडणीवरची ताटं वाजतात रे रात्री." मला खरंच वाईट वाटलं, कारण मी व्हॉल्यूम दोनच्या वर नेलाच नव्हता. पण बासचं असंच असतं. खालची ई तार मोकळी वाजवली की साधारण ४१ हर्ट्झचा सूर निघतो, त्याची लाट आठ मीटरहून लांब, ती भिंतीने आणि लादीने अडत नाही. आणि आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत आणखी एक गोष्ट होते, समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमायला लागतो, म्हणजे मोकळी ए तार आणि तिचा पहिला फ्रेट. मी महिनाभर समजत होतो की माझ्या बासची ए तार जास्त जोरात वाजते, पिकअपची उंची खालीवर करून थकलो, आणि मग मित्राच्या मोठ्या हॉलमध्ये वाजवल्यावर कळलं की बासमध्ये काहीच नाहीये, खोलीच तशी आहे.

तेव्हापासून घरी फक्त हेडफोन. आधी बासच्या जॅकमध्ये थेट खुपसायचा छोटा हेडफोन अ‍ॅम्प घेतला, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, दोन ट्रिपल ए सेलवर चालणारा. रोजच्या स्केल आणि बोटांच्या व्यायामाला तो आजही पुरतो, ट्रेनमधून उतरून मित्राच्या घरी गेलो तरी खिशात असतो. नंतर झूमचा बी वन फोर हा इफेक्टचा डबा घेतला आणि घरच्या रियाजासाठी हीच माझी सगळ्यात चांगली खरेदी ठरली. ट्यूनर, ताल, लूपर (वाजवलेलं परत परत ऐकवणारा) आणि मोबाइल जोडायला ऑक्स असं सगळं एकाच डब्यात, चार डबल ए सेल टाकले की वायरीशिवाय गॅलरीतही बसता येतं. तालाबरोबर वाजवायला लागल्यापासून माझ्या हातात जो फरक पडलाय तो कुठल्याही अ‍ॅम्पने पडला नसता. हेडफोन मात्र वायरचाच घ्या, कान झाकणारा, बंद पाठीचा. ब्लूटूथमध्ये तार छेडल्यापासून आवाज कानात यायला इतका उशीर होतो की तालात वाजवणं अशक्य, आणि सवय चुकीची लागते ते वेगळंच.

आता खरा मुद्दा. घरी जो आवाज छान वाटतो तो स्टेजवर चालत नाही, आणि हे मला चार कार्यक्रम खराब गेल्यावर समजलं. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. त्यामुळे घरी हळू वाजवताना हात आपोआप खालचे सूर वाढवणाऱ्या बासच्या नॉबकडे जातो, मग थोडं ट्रेबल वाढवतो म्हणजे खणखणीत वाटतं, मधलं कमी करतो, आणि खोलीत एकट्याने ऐकताना तो आवाज स्वर्गासारखा लागतो. तेच सेटिंग घेऊन मी मैदानातल्या स्टेजवर गेलो. तिथे कीबोर्डवाल्याचा डावा हात खाली बास वाजवतोच, ऑक्टोपॅडचा किक आहे, ढोलकीची धूम आहे, ढोल सॅम्पल आहेत, सगळे त्याच खालच्या जागेत दाटीवाटीने. माझा बास त्यात पूर्ण बुडाला, रेकॉर्डिंग ऐकलं तर नुसता गुरगुराट, कुठला सूर वाजला तेसुद्धा कळत नाही.

उपाय उलटा निघाला. खालचं थोडं कापायचं आणि मधलं, सातशे-आठशे हर्ट्झच्या आसपासचं, वाढवायचं. एकट्याने ऐकलं तर हा आवाज नाकात बोलल्यासारखा लागतो, घरी ऐकलात तर आवडणारच नाही, पण सगळी वाद्यं सुरू झाली की सूर न् सूर वेगळा कळतो. आणि कीबोर्डवाल्या दादाशी आधी बोलून घ्यायचं, की कुठल्या गाण्यात डावा हात तुमचा आणि कुठल्या गाण्यात बास माझा. या पाच मिनिटांच्या बोलण्याने माझा आवाज जितका सुधारला तितका कुठल्याही पेडलने सुधारला नाही. आता झूममध्ये मी दोन वेगळी पॅच (साठवलेली सेटिंग) ठेवलीत, एक रात्रीच्या रियाजाची आणि एक कार्यक्रमाच्या तयारीची, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दोन दिवसांत दुसऱ्यावरच वाजवतो म्हणजे कानाला सवय होते.

वॉटबद्दल एकदाच सांगतो. पंधरा वॉटवरून दीडशे वॉटवर गेलात तर कानाला आवाज दुप्पट वाटतो, दहापट वाटत नाही. मैदानातल्या पीएसमोर, म्हणजे लोकांकडे तोंड केलेल्या मोठ्या स्पीकरांसमोर, तुमचा शंभर वॉटचा कॉम्बो लोकांपर्यंत पोचतच नाही, तो फक्त तुम्हाला ऐकू यावा म्हणून असतो, आणि त्या कामाला स्टेजवरचा मॉनिटर असतो. लोकांना जो बास ऐकू येतो तो डीआयमधून मिक्सरला गेलेला. यात कमीपणा काही नाही, मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या रेकॉर्डवर जेम्स जेमरसन या बासवादकाचा बास थेट लाइनमधूनच रेकॉर्ड व्हायचा आणि साठ वर्षांनी लोक अजून तो आवाज शोधतायत.

म्हणून माझ्या मते गिगसाठी पहिला पैसा चांगल्या डीआयवर. मी सप्टेंबरमध्ये मिडचा, म्हणजे मधल्या सुरांचा, नॉब असलेला प्रीअ‍ॅम्प डीआय घेतला, त्याआधी मित्राचं टेक २१ चं सॅन्सअ‍ॅम्प दोन कार्यक्रमांना वापरून पाहिलं होतं आणि तिथूनच डोळे उघडले. स्वतःचा डीआय असला की साउंडवाल्याकडे जो काही जुना डबा असेल त्याच्यावर अवलंबून राहावं लागत नाही, साउंडवाला फक्त एक्सएलआर (मिक्सरची तीन पिनांची केबल) देतो आणि माझा आवाज दर वेळी बऱ्यापैकी सारखा जातो. मिक्सरवरून फँटम पॉवर (त्याच केबलमधून येणारी वीज) मिळाली तर अ‍ॅडॉप्टरही लागत नाही, पण मी नऊ व्होल्टचा सेल कायम टाकून ठेवतो कारण छोट्या मिक्सरवर फँटमचा भरवसा नसतो.

आणि त्या डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण, सिग्नलच्या केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं. नवरात्रात एका मैदानात जनरेटरवर सगळी लाइन होती, मी जॅक लावला आणि पीएमधून असा हम (विजेचा घूं आवाज) सुरू झाला की गरबा खेळायला आलेले लोक स्टेजकडे बघायला लागले. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी एकोणपन्नास हर्ट्झचा, म्हणजे हम थेट माझ्या सुरावर बसलेला. ग्राउंड लिफ्ट दाबलं आणि जवळजवळ सगळा गेला. उरलेला पिकअपचा होता, सिंगल कॉइल असले की तो येतोच, दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवले की एकमेकांचा हम मारतात, एक जरी कमी केला की परत येतो. स्टेजवर मी आता दोन्ही फुल्लच ठेवतो.

इथे एक हात जोडून विनंती. हम घालवायला काही ठिकाणी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात किंवा दोन पिनांचा जुगाड करतात. तसं करू देऊ नका. तुमचे हात तारांवर असतात, ओठ माइकला लागतात, खाली पावसाने ओली ताडपत्री असते. साउंडवाला कितीही सीनियर असो, अशा जोडणीवर मी जॅक लावत नाही, कार्यक्रमाला उशीर झाला तरी चालेल.

प्रवासाचं म्हणाल तर बास, डीआय, दोन केबल, ट्यूनर, सेल आणि एक फडकं एवढंच सामान, एका जाड गिगबॅगमध्ये सगळं मावतं. सेंट्रलच्या लगेजच्या डब्यात उभं राहून दादरपर्यंत जातो, गर्दीच्या वेळी बॅग पोटाशी धरायची आणि हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) वर. गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला तेव्हा उचलून नेता येईल असा बास ही मोठी सोय होती, आधीचा उभा डबल बास माणसाच्या उंचीपेक्षा मोठा असायचा. संध्याकाळी सहाच्या कल्याण लोकलकडे बघताना मला त्या माणसाचे मनापासून आभार मानावेसे वाटतात.

पावसाळा हा वेगळा विषय आहे. जूनच्या शेवटी नेक हलली, तारा वर आल्या, बाराव्या फ्रेटच्या पुढे दाबायला जोर लागायला लागला. ट्रसरॉड (नेकच्या आतली धातूची सळई) पाव वळसा फिरवून एक दिवस थांबायचं, मग परत बघायचं, घाईत जास्त फिरवायचा नाही, पहिल्यांदा करत असाल तर जाणकाराकडूनच करून घ्या. गिगबॅगमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकतो आणि दर पंधरा दिवसांनी बदलतो. राउंडवाउंड (गोल वायर गुंडाळलेल्या) तारा मुंबईच्या दमट हवेत आणि घामात माझ्याकडे दोन-अडीच महिन्यांत मेल्या, बास तारांचा सेट गिटारच्या तारांसारखा स्वस्त मिळत नाही, त्यामुळे हा खर्च मनात धरूनच चाला. वाजवून झालं की प्रत्येक तार वरून आणि खालून पुसायची, हे केल्यापासून तिसरा सेट साडेतीन महिने टिकला. जानेवारीत फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या) तारा लावल्या. मराठी गाण्यांना त्यांचा गोल, लाकडी आवाज इतका शोभतो की भावगीताच्या कार्यक्रमात गायकाने स्वतः येऊन विचारलं बास बदललास का. पण बँडबरोबर स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून) वाजवायचं असेल तर त्या मजा देत नाहीत.

अ‍ॅक्टिव्ह बास असलेल्यांसाठी, जॅक लावलेला राहिला की आतला सेल संपत राहतो, मग तुम्ही वाजवा किंवा झोपा. साउंडचेक झाल्यावर जॅक काढून ठेवा.

मोठा अ‍ॅम्प मी विकायला काढलाय. मधे एक पंचवीस वॉटचा छोटा कॉम्बो महिनाभर मित्राकडून आणला होता, कॅफेसारख्या जागेत कहॉन (वर बसून वाजवायची लाकडी पेटी) आणि गिटारबरोबर वाजवायला तो बरोबर आहे, ड्रमसेट आला की बिचारा संपतो. अशा गिग वर्षातून चारच असतील तर भाड्याने घ्या.

आता पाच तारांच्या बासबद्दल, कारण पुढचा खर्च माझा तोच आहे. घरच्या रियाजासाठी त्याची काहीच गरज नाही आणि छोट्या हॉलच्या स्पीकरमधून खालच्या बीचा ३१ हर्ट्झचा सूर धड निघतही नाही. पण आपल्याकडे गाणी गायकाच्या पट्टीत होतात. पुरुष गायक काळी एक (सी शार्प) म्हणाला, काळी दोन (डी शार्प) म्हणाला, की चार तारांवर खालचा षड्जच मिळत नाही, कारण बास ईला संपतो, मग वरच्या सप्तकातला सा घ्यावा लागतो आणि ज्या जागी गाण्याला जमीन हवी तिथेच ती मिळत नाही. गेल्या महिन्यात मी ई तार उतरवून डीवर आणून काळी दोन भागवली, पण काळी एक त्यातूनही सुटतेच, आणि पुढचं गाणं दुसऱ्या गायिकेचं पांढरी पाचमध्ये, मध्ये निवेदनाची दोन मिनिटं, तेवढ्यात तार परत चढवायची, ती ताणली जाईपर्यंत पहिलं कडवं थोडं बेसूर गेलं. म्हणून अ‍ॅम्प विकून जे पैसे येतील त्यात पाच तारांचा, दोन हातांनी उचलून बघितल्यावर मानेकडे झुकणार नाही असा, आणि शक्यतो हम न येणाऱ्या पिकअपचा बास शोधतोय, धोबी तलावाच्या दुकानांत दोन शनिवार बसून वाजवून झालेत, तिसऱ्या शनिवारी आमच्या गायकालाच बरोबर घेऊन जाणार आहे.