लातूरमधील एक श्रवणयंत्र केंद्र : तपासणी नेटकी, नंतरची सेवा कच्ची

आमच्या अण्णांच्या श्रवणयंत्रासाठी लातूरच्या ज्या केंद्रात आम्ही गेलो, त्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे तक्रारही मांडायची आहे. मात्र तेथील तपासणीबद्दल सविस्तर लिहिलेच पाहिजे.

सुरुवातीला २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे (हर्ट्झ म्हणजे सुराच्या उंचीचे माप) सूर एकेका कानात ऐकवण्याची नेहमीची चाचणी झाली. आलेखात खालच्या पट्टीतले ऐकणे जवळपास ठीक होते, पण २००० हर्ट्झच्या पुढे रेषा घसरत गेली होती. वयोमानाने येणाऱ्या श्रवणदोषाचे हेच लक्षण, असे तपासणाऱ्या बाईंनी समजावून सांगितले. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. स, श, च, फ यांसारखी व्यंजने मात्र वरच्या पट्टीत आणि क्षीण असतात, त्यामुळे बोलणे कानापर्यंत पोचते, पण अक्षरे गळतात आणि ‘साठ’चे ‘आठ’ होते.

त्यानंतर त्यांनी तोंडासमोर कागद धरला आणि म्हणाल्या, “काका, आता ओठ दिसणार नाहीत. जसं ऐकू येईल तसंच म्हणा.” शांततेत अण्णांनी बहुतेक शब्द बरोबर सांगितले, मागे माणसांच्या गलक्याचे ध्वनिमुद्रण लावताच मात्र निम्मेअधिक चुकले. “आवाज येतोय बाई, पर काय म्हणलीस ते समजंना,” हे त्यांचे उत्तर कोणत्याही आलेखापेक्षा नेमके होते.

गळालेली अक्षरे मेंदू संदर्भावरून भरून काढतो, आणि ते करेपर्यंत समोरचा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. ऐकलेले लक्षात ठेवायला लागणारी शक्ती अशा रीतीने अंदाज बांधण्यातच खर्च होते. शिवाय उतारवयात गोंगाटातून एकच आवाज निवडून काढण्याची मेंदूची हातोटीही मंदावते, म्हणून तेवढाच श्रवणदोष असलेल्या तरुणापेक्षा वृद्धाला जास्त कष्ट पडतात. लग्नकार्यात तासाभरातच अण्णा ओसरीवर जाऊन का बसतात, याचा उलगडा आम्हाला तेथे झाला. घरात आजवर त्याला तऱ्हेवाईकपणा म्हणत होते. म्हणून यंत्र घेणाऱ्याने गोंगाटातील शब्दांची चाचणी मागून घ्यावी, ती होत नसेल तर दुसरे केंद्र पाहावे.

यंत्र कानामागे बसणारे, रिचार्जेबल आणि समोरच्या दिशेचा आवाज प्राधान्याने घेणारे आहे. आवाज एकदम पूर्ण न ठेवता टप्प्याटप्प्याने वाढवला, हे योग्यच झाले, कारण सुरुवातीला भांड्यांचा खणखणाट आणि पंख्याची घरघरही अण्णांना नकोशी झाली होती. आता घरातील बोलणे ते सहज पकडतात आणि संध्याकाळी पूर्वीइतके थकत नाहीत. गंजगोलाईच्या बाजारात मात्र, जेथे १६ रस्ते एकत्र येतात, यंत्राचाही इलाज चालत नाही. तेथे समोर उभे राहून सावकाश बोलणेच उपयोगी पडते.

आता तक्रारी. यंत्र न लावल्यास स्मृतिभ्रंश होणार, अशी भीती काउंटरवरचे पत्रक घालते. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, श्रवणयंत्रांच्या अमेरिकेतील चाचणीत ७० ते ८४ वयाचे ९७७ जण होते, ३ वर्षांनंतर सर्वांचा एकत्र हिशेब केला असता यंत्र दिलेल्यांच्या आणि न दिलेल्यांच्या बौद्धिक ऱ्हासात लक्षणीय फरक आढळला नाही, आधीपासून जास्त धोका असलेल्या गटात मात्र यंत्र दिलेल्यांचा ऱ्हास ४८ टक्क्यांनी मंदावला होता. एवढ्या बारीक निष्कर्षाचे सरसकट भयात रूपांतर करून वस्तू विकणे शोभत नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. त्या बाईंची बदली झाल्यावर आलेल्या तंत्रज्ञाने प्रत्येक अडचणीवर आवाज वाढवण्याचाच उपाय केला. अशा कानांना हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज लगेच टोचतो, हे त्याला ठाऊक नसावे. शिवाय विनामूल्य म्हणून सांगितलेल्या जुळवणीचे, म्हणजे यंत्राचा आवाज कानाला जुळवून देण्याचे, पैसेही लावले.

दोन्ही कानांचा खर्च लाखाच्या घरात गेला. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना ३००० रुपये मिळतात खरे, पण अशा यंत्राच्या किमतीपुढे ती रक्कम नगण्य आहे. तपासणीला पाचपैकी साडेचार गुण, नंतरच्या सेवेला दोन. येथे जाणाऱ्यांनी जुळवणी किती वेळा विनामूल्य आणि ती कोण करणार, हे बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.