डिप्लोमसीतला कॉन्व्हॉयचा पेच: दोन तोडगे

डिप्लोमसी या बोर्डगेममध्ये फ्लीटने आर्मीला समुद्रापार नेणं म्हणजे कॉन्व्हॉय. समजा, ब्रेस्टची फ्रेंच आर्मी इंग्लिश चॅनलमधल्या फ्रेंच फ्लीटवरून लंडनवर निघाली. लंडनची इंग्लिश फ्लीट वेल्सच्या फ्लीटला त्याच चॅनलवर हल्ल्यासाठी सपोर्ट, म्हणजे जादा बळ, देतेय. आर्मी पोहोचली तर लंडनवरच्या हल्ल्याने सपोर्ट कटतो, चॅनलमधली फ्लीट वाचते. नाही पोहोचली तर सपोर्ट टिकतो, ती फ्लीट हटते. दोन्ही निकाल तर्काला धरून वाटतात, म्हणून टेबलावर हमखास भांडण!

पहिला तोडगा झिकमन नियम: त्यात आर्मी जागीच राहते, सपोर्ट कट होत नाही. वेल्सचा हल्ला यशस्वी. दुसरा ‘ऑल होल्ड’: त्यात पेचात अडकलेल्या सगळ्याच चाली फसतात: ब्रेस्टही जागेवर, वेल्सही. ऐकायला समन्यायी, पण वेल्सवाल्याचा नीट जमवलेला हल्ला फुकट जातो. मी तरी झिकमनच घेईन. मात्र ठरवा पहिल्या चालीआधी. पेच पडल्यावर प्रत्येकाला आपल्या सोयीचाच नियम पटतो.