गोदाकाठची जमीन आणि वासाचा अहवाल : एका सल्लागार सेवेचा अनुभव

गोदाकाठी आमची वडिलोपार्जित तीस गुंठे जमीन आहे आणि तिच्या पश्चिमेच्या बांधापासून साधारण अडीचशे मीटरवर, नदीच्या वरच्या अंगाला, मलनिस्सारण केंद्र आहे. तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक, गंगापूर अशी केंद्रे नाशिकमध्ये असल्यामुळे आमच्यासारखे जमीनमालक शहरात थोडे नसावेत. जमीन विकसनाला देण्यापूर्वी, थोरल्या बंधूंशी बराच वाद झाल्यावर, आम्ही एका खासगी सल्लागार कार्यालयाकडून परिसराची तपासणी करून घेतली. शुल्क 28,000 रुपये होते आणि अहवाल सहा आठवड्यांत मिळाला.

आधी जे पटले नाही ते सांगतो. त्यांची माणसे पहिल्यांदा आली ती नोव्हेंबरात, सकाळी अकरा वाजता, म्हणजे ऊन चढून हवा हलू लागल्यावर. त्या वेळी आमच्या जमिनीवर मातीशिवाय कसलाच वास येत नाही. शिवाय वाऱ्याची आकडेवारी त्यांनी ओझर विमानतळाची घेतली आणि हिवाळ्यात वारा प्रामुख्याने पूर्वेकडून वाहतो, त्यामुळे वास जमिनीपासून दूर जाईल, असा निष्कर्ष काढला. ओझरच्या मोकळ्या माळावरचा वारा आणि नदीच्या खोलगट पात्रातली हवा यांत फरक आहे, हे काठावर राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. रात्री थंड झालेली जड हवा उताराने पात्रात उतरते आणि प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे आमच्याचकडे, संथपणे सरकते. नाशिककरांना ज्या थंडीचा एवढा अभिमान असतो, तीच थंडी केंद्राचा वास सूर्य वर येईपर्यंत जमिनीलगत धरून ठेवते.

हे लेखी कळवल्यावर मात्र त्यांनी कुरकुर न करता, जादा शुल्क न घेता, डिसेंबरात पहाटे साडेपाचला तीन फेऱ्या केल्या, आणि सेवेचे खरे मोल तिथे कळले. सोबत आलेल्या अभियंता बाईंनी वास नेमका कुठून येतो ते समजावले. हवा खेळती ठेवलेल्या टाक्यांना ओल्या मातीसारखा सौम्य वास असतो; खरा त्रास सांडपाणी आत घेण्याच्या जाळीपाशी, हवेविना कुजणाऱ्या गाळात आणि गाळ सुकवण्याच्या वाफ्यांवर होतो. तिथे हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारखा वास असलेला वायू तयार होतो आणि हवेच्या अब्ज भागांत त्याचे काही मोजके भाग असले तरी माणसाचे नाक ते ओळखते. हा वायू तांबे आणि चांदी काळवंडवतो, म्हणून त्यांनी घासून लख्ख केलेल्या तांब्याच्या चार पट्ट्या आमच्या शेडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत महिनाभर टांगल्या. पश्चिमेची पट्टी काळपट झाली, पूर्वेची जेमतेम तपकिरी. आईची चांदीची निरांजने शेजारच्या घरात आठवड्याला का घासावी लागतात, याचा उलगडा बंधूंना आकड्यांनी झाला नव्हता. तो त्या पट्टीने झाला.

अहवालातील वासाची मर्यादा ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेच्या मार्गदर्शिकेवरून घेतली आहे. कुजलेल्या सांडपाण्यासारख्या सर्वांत त्रासदायक वासासाठी तिथे घनमीटरमागे दीड गंध-एकक (एक एकक म्हणजे निम्म्या माणसांना वास जेमतेम जाणवतो ती पातळी) हा निकष आहे आणि वर्षातील 98 टक्के तास त्याच्या आत असावे लागतात. उरलेले दोन टक्के म्हणजे सुमारे 175 तास. ते तास वर्षभर विखुरलेले नसून बहुतेक थंडीतल्या पहाटे येतात, हे अहवालात कुठेही ठळकपणे लिहिलेले नाही. तासवार तक्ता मागून घेतल्यावर ते दिसले, म्हणून हा तक्ता प्रत्येकाने मागावा.

नियोजनाचा भाग मात्र उत्तम आहे. जमिनीचा मंजूर वापर सांगणारा झोन दाखला आणि भाग नकाशा यांवर न थांबता त्यांनी विकास आराखड्यात केंद्रासाठी राखून ठेवलेल्या जमिनीतली मोकळी राहिलेली जागा दाखवली. प्रक्रिया केलेल्या पाण्यातील बीओडी, म्हणजे उरलेली सेंद्रिय घाण कुजताना लागणाऱ्या प्राणवायूचे माप, लिटरमागे 10 मिलिग्रॅमपर्यंत आणण्याचा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा 2019 चा आदेश आणि 2027 चा सिंहस्थ पाहता केंद्राची वाढ त्या मोकळ्या जागेत, म्हणजे आमच्या बांधाकडे, होऊ शकते, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. आजचे अंतर उद्या राहीलच असे धरून आराखडा काढू नये, हा त्यांचा सल्ला मला पूर्ण पटतो. पूररेषेविषयी दोनच परिच्छेद आहेत. निळी रेषा, म्हणजे नदीकडच्या बांधकामबंदी असलेल्या पूरक्षेत्राची हद्द, जमिनीच्या उत्तर कोपऱ्याला स्पर्श करते, एवढे त्यांतून कळते आणि तेवढे पुरते.

या अहवालावरून आमच्या वास्तुविशारदांनी जिना, लिफ्ट आणि वाहनतळ पश्चिमेला नेले, शयनगृहे पूर्वेला घेतली आणि पश्चिमेच्या बाल्कन्या काढून टाकल्या. विकसकाला ते अजून मान्य नाही. नदी दिसणाऱ्या बाल्कनीचा दर वेगळा मिळतो, असे त्यांचे म्हणणे आहे. पुढच्या बैठकीला मी ती काळी पट्टी घेऊन जाणार आहे, आणि बैठक पहाटे सहाला जमिनीवरच ठेवावी, असे त्यांना कळवले आहे.