साठीनंतर रोज काय करावं: भरभर चालणं, योगासनं की ताई ची?

सकाळचा पाऊण तास हाताशी आहे आणि तो कशाला द्यायचा हे ठरत नसेल, तर आधी बघा की तुम्हाला काळजी कशाची आहे: दम लागण्याची, अंग आखडण्याची की पडण्याची?

पडण्याची असेल तर मी बिनदिक्कत ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, सांगेन. उतारवयात तोल जातो तो बहुधा वळताना, पायरी उतरताना, ओल्या न्हाणीघरात, म्हणजे अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर जाताना. ताई चीत सराव होतो तो नेमका याचाच. गुडघे जरासे वाकवून सगळा भार एका पायावर घ्यायचा, मोकळा झालेला पाय पुढे नेऊन टाच टेकवायची, मग हळूहळू भार त्यावर सरकवायचा. वेग इतका संथ की झोक देऊन वेळ मारून नेता येत नाही, स्नायूंना काम करावंच लागतं.

अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सत्तरीच्या पुढच्या, पडण्याचा धोका असलेल्या ६७० जणांवर याचा अभ्यास झाला. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. आठवड्यातून दोनदा तासभर, असं सहा महिने. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ताई ची करणाऱ्यांचं पडणं ५८ टक्क्यांनी कमी होतं. ताकद, तोल, दमसास असा मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही ३१ टक्क्यांनी कमी. मला हा दुसरा आकडा मोठा वाटतो, कारण तिथे तुलना चांगल्या व्यायामाशी होती.

चालण्याला शिक्षक लागत नाही, फी नाही. दमसास आणि रक्तातली साखर यांसाठी ते उत्तमच, चालत असाल तर सोडू नका. रक्तदाबाचं मात्र ऐका. बीजिंगमध्ये रक्तदाब किंचित वाढलेल्या ३४२ जणांचे दोन गट केले. एकात ताई ची, दुसऱ्यात भरभर चालणं, जॉगिंग, सायकल असे व्यायाम. वर्षभरानंतर वरचा रक्तदाब ताई चीवाल्यांचा सरासरी सुमारे ७ अंकांनी उतरला, दुसऱ्या गटाचा साडेचारच्या आसपास. म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे योग असताना चीनचं कशाला, असं कुणी विचारेलच. अंग आखडत असेल तर योगासनंच करा. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, पट्टा, दोर यांचा आधार देऊन आसनं ज्येष्ठांच्या आवाक्यात आणली. पण वृक्षासनात आपण एका पायावर स्थिर राहतो, ताई चीत चालत्या अंगाचा तोल राखतो. शिवाय जमिनीवर बसा-उठायचं नसतं.

गुडघे दुखत असतील तरी ताई चीला घाबरू नका. बोस्टनमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांना बारा आठवड्यांत ताई चीने फिजिओथेरपीइतकाच आराम पडला. फक्त हालचाली करताना गुडघे फार वाकवून खाली जाऊ नका. ताई चीच्या अनेक शैली आहेत; त्यातल्या चेन शैलीत खोल बैठका, पाय आपटणं, अचानक झटके असतात, ती नंतर. सुरुवातीला यांग शैलीवर बेतलेला, १९५६ मध्ये चीनमध्ये ठरवलेला २४ हालचालींचा संच पुरे. तो पाच-सहा मिनिटांत होतो, पण अंगात मुरायला महिने लागतात.

खरी अडचण शिक्षक मिळण्याची आहे. व्हिडिओवरून हात शिकता येतात, भार कुठल्या पायावर आहे ते कळत नाही. म्हणून पहिल्याच वर्गात हातांची नक्षी शिकवणाऱ्यापेक्षा, पहिले काही आठवडे नुसतं उभं राहायला आणि पाऊल टाकायला लावणारा शिक्षक निवडा.